घरट्याचा पत्ता

"मागे या सेठ. अजून मागे. दाराशी."

कोणताही फोटो पाहायचा झाला की बाबूजी असे म्हणायचे. म्हणायचे आणि स्वतःही खुर्चीतून उठून, पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत जायचे. वाटेत तिपाईला पाय लागायचा, कधी चहा घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, धक्का बसायचा. दाराच्या चौकटीला पाठ टेकली की चष्मा कपाळावर चढवायचे आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बघत राहायचे. तिथून फोटो तळहाताएवढा दिसायचा.

"लांबून जेवढं कळतं तेवढंच त्या फोटोत आहे," ते म्हणायचे. "बाकीचं आपण मनानं भरतो."

तुम्हीही आपापल्या गल्लीत अशी माणसे पाहिली असतील, ज्यांचा नाद घरच्यांना कळत नाही आणि शेजाऱ्यांना लागतो. मला बाबूजींचा लागला. आता त्यांना 'ते' म्हणणे जिवावर येते, पण इतक्या वर्षांची सवय आहे.

फुलचूरला आमची घरे समोरासमोर. बाबूजी टेलिफोन खात्यात, त्यामुळे आमच्या गल्लीत इंटरनेट पहिल्यांदा आले ते त्यांच्याकडे. मी धानाचा दलाल. गोंदिया स्टेशनवर फुटाणे विकून सुरुवात केली, मग गिरणीत पोती उचलली, मग शेतकरी आणि गिरणीमालक यांच्यामध्ये उभा राहायला शिकलो. शाळा फारशी झाली नाही. माझा तोंडाचा पट्टा सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, आणि माझी जबानही. एकदा दिलेला भाव मी फिरवत नाही. त्यावरच माझे घर उभे आहे.

बाबूजींचा नाद असा. इंटरनेटवर सगळ्या जगाचा मिळून फोटोंचा एक साठा आहे. कोणीही त्यात आपला फोटो ठेवावा, कोणीही तो फुकट वापरावा. एका विषयाचे तिथे ढीगभर फोटो असतात. त्यातला सर्वांत मोलाचा कोणता, हे लोकच बाजूने किंवा विरोधात लिहून ठरवतात, आणि जो ठरेल त्याला शिक्का लागतो. पैसा नाही, हारतुरे नाहीत. फोटो सुंदर आहे का, हे कोणी विचारत नाही. ती वस्तू नीट कळते का, लहान आकारातही कळते का, नाव बरोबर लिहिले का, आणि फोटो पृथ्वीवर नेमका कुठे काढला ती जागा नकाशावर दाखवली का, एवढेच बघतात. बाबूजी ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी कॉम्प्युटर चालू करायचे आणि कुठल्या तरी देशातल्या कोणाच्या तरी खेकड्याला 'नाही' म्हणायचे.

"काय वाईट आहे त्यात?" मी विचारायचो.

"वाईट काही नाही. पाय मोजा. सगळे दिसत नाहीत."

लोडशेडिंगच्या दिवसांत त्यांनी इन्व्हर्टर घेतला, तो कॉम्प्युटरला जोडला. काकू पदराने वारा घेत म्हणायच्या, "पाहा भाऊजी, पंखा बंद अन् साहेबाचा खेकडा चालू!"

मी हौसेने कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो काढला तो गिरणीमागे बुडणाऱ्या सूर्याचा. बाबूजी दारातून बराच वेळ बघत राहिले.

"सूर्य चांगला आहे. गिरणी कुठं आहे?"

"ती काय, काळी दिसते ती."

"काळं काहीही असू शकतं सेठ. शाळा असेल. जेल असेल."

मी भडकलो. ज्या गिरणीत पोती वाहिली तिला हा माणूस जेल म्हणतो! पण भडकलो तरी सौदा करायचे मी सोडत नाही. त्यांनी स्वतः काढलेला स्टेशनच्या पादचारी पुलाचा फोटो त्या दिवसांत निवडीला होता. मी म्हणालो, "बाबूजी, तुम्ही माझ्या गिरणीला हो म्हणा, मी तुमच्या पुलाला हो म्हणतो."

"हे मार्केट यार्ड नाही," ते म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आपला पूल निवडीतून काढून घेतला. का, तर दाराशी उभे राहून पाहिल्यावर त्यांना दिसले की पूल अर्धाच आला आहे.

त्या दिवशी मी त्यांच्यावर भरवसा टाकला. मी पोत्यात परखी खुपसून, मूठभर दाणे तळहातावर घेऊन माल ओळखणारा माणूस. हा माल मला चोख वाटला.

माझी आई तेव्हा होती. जुन्या मोहल्ल्यातल्या खोलीत ती अजून बिड्या वळायची. नको म्हटले तरी वळायची. मी तिच्या हातांचा फोटो काढला: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत अर्धे वळलेले पान. बाबूजी दाराशी गेले. मग पुढे आले, परत मागे गेले.

"कोण आहे?"

"आई."

"आई असल्यानं किंमत वाढत नाही," ते म्हणाले. मी तोंड उघडणार तोच पुढे म्हणाले, "वाढवायची गरजही नाही. बिडी कशी वळतात हे ज्यानं कधी पाहिलं नाही, त्यालाही हे कळेल."

फोटोला शिक्का लागला. बाबूजींनी नकाशा उघडून आईच्या खोलीवर लाल खूण लावली. कौलांचे छप्पर, शेजारचा नळ, सगळे वरून दिसत होते. "आता जगात कुठूनही सापडेल तुमचं घर," ते म्हणाले. जे घर गोंदियातल्या पोस्टमनला सापडत नव्हते, ते आता जगाच्या नकाशावर होते. मी आईला सांगितले. ती म्हणाली, "मंग त्यायले सांग, छप्पर गळते म्हनून." बाबूजी इतके हसले की चष्मा कपाळावरून घसरला.

हे सगळे सांगतो आहे कारण पुढचे त्याशिवाय कळणार नाही. ज्या खुणेने मला एवढा अभिमान दिला, त्याच खुणेने माझा घात केला.

आमच्या जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतांत, सारस येतात. माणसाच्या खांद्याइतका उंच पक्षी, लाल मान, जोडीने फिरतो आणि भर पावसाळ्यात उभ्या पिकात, पाण्यात, गवताचा ढीग रचून घरटे करतो. एका गावी एक म्हातारे शेतकरी होते. सगळे त्यांना काकाजी म्हणत. माझ्याकडे धान आणायचे ते पहिल्यापासून, म्हणजे मी दलालीत नवा होतो आणि कोणी मला विचारत नव्हते तेव्हापासून. गावाचे नाव मी लिहिणार नाही. तालुकाही सांगणार नाही.

काकाजींच्या बांधीत घरटे झाले होते. त्यांनी तो कोपरा निंदायचा सोडून दिला होता. सारस शेतात बसले की ते घरच्या लेकीबाळीसारखे, असे ते मानत. मी फोटोसाठी गेलो, बाबूजींना घेऊन गेलो. जागा पाहिल्याशिवाय न्याय कसा करायचा, असे त्यांचे म्हणणे.

मी सवयीने विचारले, "काकाजी, फोटो काढू देता, बदल्यात काय देऊ?"

"काही नोको जी," काकाजी म्हणाले. "काढा फोटो. पन जागा कोनाले सांगू नोका."

"काऊन?"

"मागच्या साली पोट्टे आले अन् अंडे उचलून नेले. जोडी दिवसरात ओरडून राहिली होती. आमच्या घरात कोनाच्या गयाखाली घास उतरत नव्हता."

आयुष्यभर मी लोकांचे भाव पाडले. या माणसाने काही मागितले नाही, फक्त माझी जबान मागितली. मी दिली. बाबूजी बाजूलाच, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होते. परत येताना मोटरसायकलवर मी त्यांना पुन्हा सांगितले, "बाबूजी, ऐकलं ना? जागा लिहायची नाही."

मागून ते म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, सेठ."

फोटो फार चांगला आला होता. मादी उभी, मान वाकवून अंडे चोचीने फिरवते आहे, दुसरे अंडे शेजारी, भोवती पाणी आणि धान. दाराशी उभे राहून बाबूजींनी टाळी वाजवली. इतक्या वर्षांत मी त्यांना फोटोला टाळी वाजवताना पाहिले नव्हते. त्यांनीच तो साठ्यात ठेवला, त्यांनीच निवडीला लावला. कॉम्प्युटरवरचे काम मी त्यांच्यावरच सोडत असे.

मग मी धंद्याच्या कामाने रायपूरला गेलो. परत आलो तर माझ्या फोटोला शिक्का लागलेला. बाजारात मी पेढे वाटले. सायबर कॅफेवाल्यालाही दिले, आणि त्याला म्हटले, जरा दाखव. त्याने पान उघडले. फोटोखाली नकाशा होता. नकाशावर लाल खूण होती. त्याने खुणेवर बोट दाबले आणि काकाजींची बांधी समोर आली. तो कोपरा, तो धुरा, धुऱ्यावरचे पळसाचे झाड.

पेढ्यांचा डबा तिथेच टाकून मी फुलचूरला आलो. फाटकातूनच ओरडलो, "बाहर आओ बाबूजी!"

ते बनियनवर बाहेर आले. हसत होते. "आले का सेठ? लागला ना शिक्का?"

"जागा कोणी लिहिली?"

"मी." हसणे तसेच. "अहो, दुसरा एक फोटो आला होता समोर. निवडणाऱ्या लोकांनी म्हटलं, तुमच्या फोटोला जागा दिलेली नाही. आणि तो दुसरा कुठला माहीत आहे? प्राणिसंग्रहालयातला! जाळीतलं घरटं! ते जिंकलं असतं."

"जिंकू द्यायचं होतं."

"कसं जिंकू देऊ? तुमचा मोलाचा होता."

"मी काकाजींना काय सांगू?"

तेव्हा कुठे ते थांबले. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "मी खोटं काही लिहिलं नाही, सेठ. जागा खरी आहे."

"मग खोटी लिहायची होती!"

मी असे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलो नाही. जणू विश्वासघात मी केला होता. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढून टाका ना जी ते. भाऊजी म्हणून राहिले तर."

"काढलं तर शिक्का जाईल," बाबूजी म्हणाले आणि आत गेले.

मी त्याच संध्याकाळी सायबर कॅफेवाल्याकडून ती खूण पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर खूण परत जागेवर. खाली बाबूजींच्या नावाने लिहिलेले: जागा बरोबर आहे, कारण नसताना काढू नये. समोरच्या घरात राहणारा माणूस. रस्ता ओलांडून मला विचारायला आला नाही, जगाला सांगून मोकळा झाला.

मला आजही वाटते, चूक झाली एवढे ते म्हणाले असते तर मी शिव्या देऊन का होईना, चहाला गेलो असतो. ते म्हणाले नाहीत.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. गाड्या आल्या. गळ्यात लांबलचक कॅमेरे घातलेली माणसे धान तुडवत बांधीत उतरली. जोडी उठायची, बसायची, पुन्हा उठायची. एक दिवस उठली ती बसलीच नाही. उघड्या अंड्यांचे कावळ्यांनी काय केले, ते काकाजींनी पाहिले.

ते बाजारात आले होते. माझ्या दुकानापुढे थांबले, आत आले नाहीत. "सेठ," ते म्हणाले, "तुमाले सांगतलं होतं ना जी." आवाज चढवला नाही. मी शिव्यांना तयार होतो, त्यांची मला सवय आहे. मी बाबूजींचे नाव घेतले नाही. जबान माझी होती, तिच्यात दुसऱ्याचे नाव कसे घालणार? काकाजी पुढे चालू लागले. त्यानंतर ते माझ्या दुकानात बसायला आले नाहीत, आणि त्यांच्या बांधीत सारसही बसले नाहीत. फोटो मात्र अजून तिथे आहे, मोलाचा म्हणून.

बाबूजी निवृत्त झाले, तरी आमचे बोलणे सुरू झाले नव्हते. एक दिवस काकू आल्या. "आम्ही जाऊन राहिलो भाऊजी, पोराकडे पुण्याला. ते काही बोलत नाहीत, पण तुम्ही या स्टेशनवर."

मी गेलो. प्लॅटफॉर्मवर उतरलो नाही. पादचारी पुलावर उभा राहिलो, त्याच पुलावर, जो त्यांच्या फोटोत अर्धा आला होता. खाली सामान होते, काकू होत्या, आणि बाबूजी चादरीत गुंडाळलेला मॉनिटर छातीशी धरून उभे होते. हमालाच्या हाती द्यायला तयार नसावेत.

त्यांनी वर पाहिले. मी दिसलो असावा. मॉनिटर ट्रंकेवर ठेवला आणि ते मागे सरकू लागले. पाठ न वळवता, एकेक पाऊल. एक हमाल ओरडला, "अरे देखके, बाबूजी!" तरी थांबले नाहीत. खांबाला पाठ टेकली तेव्हा थांबले. चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी हात केला नाही. त्यांनीही केला नाही. मी तसाच कठड्याला धरून उभा राहिलो, त्यांना मी पुरता दिसावा म्हणून. मग गाडी मध्ये आली. गाडी गेली तेव्हा खांब तेवढा होता.