घरटी एक पुरुष

लखनौला राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी एका कुत्र्याचा पाय मोडला. त्याआधी त्यानं माझी पोटरी फाडली होती, त्यामुळे मला त्याची दया आली नाही, आणि खरं सांगायचं तर आजही येत नाही. तेव्हापासून दाराआड बांबूची काठी असायची. सकाळी फिरायला जाताना मी ती हातात घेई.

महानगर ही जुनी, आखीव वसाहत. रस्ते रुंद, कडेला कडुलिंब. फुटपाथही होते, पण लोकांनी त्यांवर जनरेटर बसवले होते, गुलाबाचे वाफे केले होते, दुसरी गाडी उभी केली होती. बागेला कुलूप असे आणि किल्ली कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष उशाशी घेऊन झोपत. माझी संशोधन संस्था घरापासून पायी पंचवीस मिनिटांवर होती. मी दोनदा चालत गेलो. पहिल्यांदा एका जीपच्या आरशानं कोपर सोलून काढलं. दुसऱ्यांदा गाडी कुठे लावायची यावरून दोन सभ्य गृहस्थ एकमेकांना पान्यानं हाणत होते, ते सोडवताना माझा चष्मा फुटला. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं स्कूटर काढली. संस्थेत सगळ्यांचं असंच होतं. घरातून वाहनावर, वाहनावरून खुर्चीत, आणि पाण्याचा ग्लाससुद्धा शिपाई आणून देणार. पस्तिशीतच आमची पोटं टेबलाला टेकू लागली होती.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी अस्सल लखनौचा होता. निशातगंजात राहायचा, बाजारामागच्या एका गल्लीत. त्या गल्लीत समोरून सायकल आली तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. तिथे चालायचं म्हणून तो एकदा निघाला होता, तर भाजीच्या ढिगातून उधळलेल्या वळूनं त्याला भिंतीशी दाबून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. हे तो हसत सांगे. एक गोष्ट मात्र तो हसत सांगत नसे. त्याच्या वडिलांचा पाय साखरेनं गेला होता, आधी बोटं, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याच्या वर. आणि आता त्याच्या स्वतःच्या डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, रोज तासभर चाला, नाहीतर वडिलांच्या वाटेनं जाल.

"कहाँ चलूँ, भाईसाहब?" त्यानं मला विचारलं. "मेरी गली में तो साँस लेने को भी लाइन लगती है."

मी म्हटलं, आमच्याकडे या. पहाटे सहाला रस्ता मोकळा असतो, काठी घेऊन मी सोबत आहेच.

तो यायला लागला. दीड महिना आम्ही रोज चाललो. तो बोलत चालायचा, मी कुत्र्यांवर काठी उगारत चालायचो. त्याची साखर उतरली. रिपोर्ट हाती आला त्या दिवशी त्यानं सबंध ऑफिसला समोसे चारले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला, जणू ती माझीच साखर उतरली होती.

मग डिसेंबरच्या अखेरीस कोपऱ्यावरच्या घरातल्या म्हातारीच्या कानातलं कुणीतरी ओढून नेलं. कानाची पाळी दोन भागांत लोंबत होती. मी स्वतः पाहिलं, तिच्या पांढऱ्या साडीवर गळ्यापासून कमरेपर्यंत रक्त होतं. चोर पायी आला आणि पायीच गेला, एवढंच तिला सांगता आलं. त्या संध्याकाळी समितीची बैठक बसली. इतका संताप मी त्या सभ्य वस्तीत कधी पाहिला नव्हता. एक निवृत्त इंजिनीअर म्हणाले, पोलिसांना द्यायचं नाही, हातपाय तोडून द्यायचं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. नियम ठरला की चौकीदारानं शिट्टी वाजवली की घरटी एक पुरुष बाहेर पडलाच पाहिजे. अनोळखी माणूस पायी दिसला तर आधी धरायचा, मग विचारायचं. आमच्यातला कुणीच कोपऱ्यापर्यंतसुद्धा पायी जात नसल्यामुळे हा नियम कुणालाही विचित्र वाटला नाही. मलाही नाही. मी रोज चालत होतो, पण मला चौकीदार ओळखत होता. माझ्या सहकाऱ्यालाही तो ओळखत असेल, असं मी धरून चाललो. या बैठकीबद्दल त्याला सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चारच दिवसांनी धुकं असं दाटलं की फाटकातून समोरचं घर दिसेना. मला ताप होता. बायको म्हणाली, "अहो, आज नका जाऊ. त्यांनाही कळेलच की, एवढ्या धुक्यात कोण येतंय." मी पांघरूण ओढून घेतलं. सहाच्या सुमारास शिट्टी वाजली, लांब, न थांबता. मग आरडाओरडा सुरू झाला. मी काठी घेऊन धावलो. ताप उतरला होता की काय कोण जाणे, मला अंगात हत्तीचं बळ आल्यासारखं वाटत होतं.

बागेच्या कुंपणाशी सात-आठ जण एका माणसाला तुडवत होते. त्याला पाडून त्याच्या डोक्यावरून त्याचीच शाल ओढली होती. लाथा बसत होत्या, चपला बसत होत्या, निवृत्त इंजिनीअर टॉर्चनं हाणत होते. मला त्या म्हातारीचा कान दिसला. माझी पोटरी दिसली, फुटलेला चष्मा दिसला. तिथे कोण पडलंय ते पाहायला मी वाकलो नाही. काठी दोन्ही हातांनी उचलली आणि जे समोर आलं त्यावर घातली. त्याचा गुडघा समोर आला. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

शालीखालून किंकाळी आली आणि मग शब्द आले. "बारह नंबर वाले भाईसाहब को बुला दो. वो जानते हैं मुझे."

बारा नंबर माझं घर होतं.

मी काठी कुंपणापलीकडे फेकली. शाल ओढून काढली, त्याच्यावर आडवा पडलो आणि ओरडलो, "छोड़ो, ये हमारे दफ्तर के हैं." सगळे मागे सरले. कुणीतरी म्हणालं, बोलना चाहिए था न. तो माझ्या शर्टाला धरून रडत होता, "आप आ गए, भाईसाहब, आप आ गए." हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटी फुटली होती. प्लास्टर निघालं, पण गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. त्याच्या घरच्यांच्या लेखी मी त्याचा जीव वाचवला होता.

संध्याकाळी बायकोनं कुंपणाआडून काठी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही मारलंत?" मी होकारार्थी मान हलवली. "त्यांना सांगितलंत?" नाही म्हटलं. "मग आजच सांगा. उद्या जमणार नाही." तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी जमलं नाही, नंतर तर मुळीच नाही.

मी दुसरंच काहीतरी केलं. तो कामावर रुजू झाला तसा मी रोज साडेनऊला निशातगंजला जाऊन त्याला स्कूटरवर घेऊ लागलो आणि संध्याकाळी घराच्या ओट्याशी सोडू लागलो. ऑफिसात तर मी त्याला उठूच देत नसे. फाइल मी आणायचो, डबा मी धुवायचो. त्यानं कधी भिंत धरून चार पावलं टाकायचा प्रयत्न केला तर मी त्याच्यावर खेकसायचो, बसा म्हणून. त्याला खुर्चीत डांबून मी आपलं पाप फेडत होतो. नऊ वर्षं. या नऊ वर्षांत त्याची साखर चढत गेली, ते मला दिसत होतं.

मेट्रोसाठी रस्ते खणले होते त्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं कापली. घरी आणल्यावर भेटायला गेलो. मलिहाबादहून पाहुणे आले होते, दशहरी आंब्यांची पेटी उघडलेली होती आणि तो सोडून सगळे खात होते. त्याची बायको मला दाखवून पाहुण्यांना सांगू लागली, यांनीच वाचवलं होतं, त्या गुंडांच्या अंगावर एकटे धावून गेले. एक म्हातारा माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी त्याला एवढ्या जोरात ढकललं की तो पेटीवर पडला. मित्रानं हातानं खूण केली आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं.

मी म्हटलं, "घुटना मैंने तोड़ा था. मेरी लाठी थी."

तो बँडेजकडे पाहत होता. "मालूम है," तो म्हणाला. "शॉल झीनी थी, भाईसाहब. सब दिख रहा था."

"फिर बोले क्यों नहीं?"

"बोल देता तो आप आना छोड़ देते. दफ्तर कौन ले जाता?" मग तो म्हणाला, "बस चलने दिया होता थोड़ा. आप हर बार बैठा देते थे. मुझे डर लगता था आपसे."

तो भिंतीला हात लावून उठू लागला, न्हाणीघरात जायचं होतं त्याला. माझे दोन्ही हात त्याला खाली बसवायला आपोआप पुढे गेले, आणि त्यानं तोंड वाचवायला कोपर वर केलं.