जळक्या ऑइलखालचा जोड

आमचा ट्रक मिठाचा. पेणच्या खाडीकडच्या मिठागरातून गोणी भरायच्या आणि रोह्याच्या कंपन्यांत नेऊन उतरवायच्या, एवढंच त्याचं काम. गाडी चालवायचा माझा थोरला भाऊ आणि शेजारी बसून तोंड चालवायचो मी. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मे महिना लागला होता, पावसाच्या आत मिठाची रास उचलायची होती आणि नेमका तेव्हाच मागचा ॲक्सल गेला. ॲक्सल ज्या जाड लोखंडी कवचात बसतो ते हाऊसिंगच तडकलं. गोणींतून खारं पाणी वर्षानुवर्षं त्याच्यावर गळत होतं, दुसरं काय होणार!

मिठागराच्या मालकांनी निरोप धाडला, आठ दिवस थांबतो, मग दुसरी गाडी लावतो. दादाला एकच धास्ती होती. गाडी गेली की चाळिशीत कंपनीत कंत्राटावर लागायचं, कार्ड पंच करायचं, कुणाचं तरी ऐकून घ्यायचं. त्या आठवड्यात तो जेवायला बसायचा आणि ताटातला भात नुसता चिवडत राहायचा.

नवीन हाऊसिंग घेणं झेपणारं नव्हतं. आम्ही रोह्याला गेलो, वरसे गावाच्या अलीकडे एक भंगारवाला होता त्याच्याकडे. गंजलेल्या केबिनांच्या मागे आमच्याच मॉडेलचं हाऊसिंग पडलेलं दिसलं. वर जळक्या ऑइलचा काळा, जाड थर. ते पाहून आम्ही दोघेही हरखलो.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे मिठाच्या गाड्यांना पावसाळ्याआधी खालून जळकं, म्हणजे इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल फासतात, लोखंड खारवू नये म्हणून. जो न चुकता फासतो तो गाडी जपणारा, त्याची जुनी गाडी डोळे मिटून घ्यावी, असा आमच्यात समज. दुसरीकडच्या एखाद्या मिस्त्रीने एवढा थर बघून आधी विचारलं असतं, याच्याखाली काय लपवलंय? आम्हाला तिथे ते सुचलंच नाही. भंगारवाला बिचारा एक शब्द खोटं बोलला नाही, कारण आम्ही त्याला काही विचारलंच नाही.

परत पेणला येऊन रामवाडीला मिस्त्रीच्या शेडमध्ये गाडी ओंडक्यांवर उचलली. जुना ॲक्सल चाकांसकट मागे ओढून काढला. मिस्त्री जेवायला गेला. दादा गाडीखाली स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट साफ करत होता. तिथूनच तो म्हणाला, "आरं, त्यो थर सगला खरवडून काढ. खालचं लोखंड बघितल्याबिगर लावायचं नाय."

मी पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडायला बसलो. ते ऑइल डांबरासारखं घट्ट झालेलं. वर शेडचं छप्पर तापलेलं, अंगाची लाही लाही होत होती. वरच्या बाजूचं जेमतेम वीतभर खरवडलं आणि माझं डोकं फिरलं. जपलेल्या गाडीचा माल, त्यात काय बघायचं? बाकीच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला.

"खालच्या अंगानी बघितलंस?" दादाने विचारलं.

"व्हय, बघितलं! किती वेला इचारशील?" मी खेकसलो.

माझ्यावर विश्वास ठेवून त्याने बोल्ट आवळले. सहाव्या दिवशी गाडी आगरात उभी राहिली आणि त्या रात्री दादा पोटभर जेवला.

तिसऱ्या खेपेला सुकेळीची खिंड उतरून खांब गावाजवळ आलो आणि मागून कडाडकन आवाज झाला. डावी चाकं बाहेर फाकली, गाडी त्या अंगावर बसली. कुणाला लागलं नाही. गोणी फुटून मीठ रस्त्यावर पसरलं आणि मागून येणाऱ्या गाड्या ते चाकांखाली घेत पुढे जात राहिल्या.

दादा वाकून खाली गेला. मीही गेलो. हाऊसिंग खालच्या अंगाने उकललं होतं. चिरेवर जुन्या वेल्डिंगचा जोड होता, आणि त्या जोडावर जळक्या ऑइलचा थर जसाच्या तसा, पत्र्याचा एक ओरखडाही नाही. दादाने त्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. त्याने मला तिथे थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मिस्त्री आला, पाठोपाठ मिठागराचे मालक आले. मालकांनी विचारलं, "हे बघून लावलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मीच बघितलेला. माजीच नजर चुकली."

काम गेलं. ट्रक विकला. दुसऱ्यांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्याला कुणी घेईना, कारण याला मालाची पारख नाही अशी बोंब पेणपासून रोह्यापर्यंत झाली होती. तो कंपनीत लागला, शिफ्टला जाऊ लागला. घरात मला त्याने त्या दिवसाबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही. मी रोज ठरवायचो, आज चारचौघांत सांगून टाकतो. मला लाज वाटायची आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटायची.

काही वर्षांनी दादा गेला. बाराव्याला जुने ड्रायव्हर आले होते. त्यांतला एक म्हणाला, "मानूस देव व्हता. पन गाडीतलं त्याला कलत नव्हतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मीही मान हलवली.