तानाजीरावांची फौज

वडगावात तानाजीरावांना लोक तोंडावर सेनापती म्हणतात. पाठीमागं जे म्हणतात ते शाळामास्तरानं लिहू नये. वय बेचाळीस. पोलीस भरतीत पळताना निम्म्यातच बसले, तेवढीच त्यांची लढाई. पुढं थोरले भाऊ आबासाहेब पुढारी झाले आणि तानाजीरावांना काही करायची गरजच उरली नाही. तीन वर्षं ते मोबाइलवर युद्धाचा एक खेळ खेळत होते.

खेळ चांगला, त्याचा काही दोष नाही. चौकटी आखलेला रानाचा नकाशा. एकदा आपण फौज हलवायची, मग गप्प बसून शत्रूची चाल बघायची. सगळं कुंचल्यानं, शाईनं काढलेलं. प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा, कुणाच्या गालावर देवीचे वण, कुणाचा एक डोळा बारीक. तानाजीराव खेळायचे सगळ्यात सोप्या पातळीवर, आणि चाल चुकली की मागं घ्यायचे. जिंकले की चहाच्या हॉटेलात तासभर व्याख्यान.

"लढाई डोक्यानं होती, मास्तर. चित्रं काय, कुणी बी काढतं."

मी ऐकून घ्यायचो. शाळेची संस्था आबासाहेबांची आहे.

ती चित्रं आमच्याच गावच्या उज्ज्वलानं काढलीत, हे गेल्या दिवाळीत कळलं. पोस्टातल्या अनिलरावांची मुलगी. पुण्यात चार जणांनी मिळून काढलेल्या लहानशा कंपनीत असते, हा खेळ त्यांचाच. शाळेनं तिचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे अर्थातच तानाजीराव.

माइकवर ते म्हणाले, "आपल्या अनिलच्या पोरीनं रंगकाम बरं केलंय. पण युद्धातलं तिला काय कळावं?"

अनिलराव त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. पहिल्या रांगेत होते. मांडीवरची टोपी त्यांनी दुसऱ्या मांडीवर ठेवली, बस.

उज्ज्वला म्हणाली, "काका, तुम्ही लई खेळता म्हणतात. एक डाव होऊ द्या की. इथंच, पडद्यावर."

एवढ्या लोकांत नाही म्हणायची सोय नव्हती. दोघांचे मोबाइल जोडले. तानाजीरावांनी पहिल्याच चालीत सगळे घोडेस्वार नदीपार धाडले आणि लोकांकडं वळून मिशीवर हात फिरवला. उज्ज्वलानं उताराच्या वाटेवर दोन भालेवाले उभे केले आणि थांबली. चौथ्या चालीला घोडे चिखलात रुतले.

"ही चाल मागं घेतो," तानाजीराव म्हणाले.

"माणसाबरोबर खेळताना मागं घेता येत न्हाई, काका."

तरी त्यांचं बोट पडद्यावर ते बटण शोधत राहिलं. सातव्या चालीला उज्ज्वलाच्या एका म्हाताऱ्या तिरंदाज बाईनं त्यांचा सरदार पाडला, आणि पडद्यावर त्या बाईचा चेहरा मोठा झाला. मागच्या रांगेतल्या बाया हसायला लागल्या. ती भिवराबाई होती, बाजारात भाजी विकणारी. ठसठशीत कुंकू, तुटका दात, सगळं तेच.

"मला कवा काढलं गं?" भिवराबाईनं मागून विचारलं.

"अकरावीत असताना, मावशी. बाजारात तुमच्यासमोरच बसायचे की."

तानाजीराव तीन वर्षं ह्याच बाईला लढायला पाठवत होते. दर रविवारी तिच्याकडूनच मेथी नेत होते. चेहरा त्यांनी दोन्हीकडं बघितला नव्हता.

ते उठले. "नेटवर्क न्हाई इथं. आन् खेळ हिनंच केलाय, तो हिलाच जिंकवणार."

मग अनिलराव बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाले, "पोरीनं नुसतं रंगकाम केलंय, तानाजी."

गावात त्यांना असं नुसतं 'तानाजी' फक्त आबासाहेब म्हणतात. मला वाटलं, आता गोंधळ होणार. पण तानाजीरावांनी चपला शोधल्या आणि शाल द्यायच्या आधीच निघून गेले. मग हेडमास्तरांनी भिवराबाईला पुढं बोलावलं. तिनं पदराला हात पुसले आणि उज्ज्वलाच्या खांद्यावर शाल टाकली, जरा वाकडीच.

तानाजीरावांनी तो खेळ मोबाइलमधून काढून टाकला, असं त्यांची बायको वनमाला सांगते. चौसाळ्याला मेहुण्याकडं मात्र त्यांनी सात चालींत जिंकल्याचं सांगितलंय. हल्ली ते क्रिकेटचा खेळ खेळतात, आणि भारतीय संघ कसा निवडावा हे आम्हाला हॉटेलात ऐकावं लागतं.