जालन्याला उतरलेलं विमान

भंगाराच्या यार्डात दोन गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान काट्यावर चढून भट्टीला तरी जातं, किस्से मात्र आमच्या चहाच्या टपरीवरच पडून राहतात. मी जालन्याच्या एका यार्डात वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे दोन्हींचा साठा माझ्याकडे भरपूर!

आमचे शेठजी मूळ राजस्थानचे, पण तीन-चार पिढ्या इथेच गेल्या. बॉयलर, बस, रोडरोलर, काय काय घेतलं त्यांनी! मागच्या वर्षी लिलावातून चक्क विमान घेऊन आले. आणि लहानसहान नाही, आत दोन गल्ल्या असलेलं, परदेशी जाणारं! कंपनी बुडाली आणि ते विमानतळाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभं राहिलं. आत कबुतरांनी संसार थाटले होते. लिलावाआधी मालकीची चौकशी केली तर विमान एका परदेशी कंपनीचं, इंजिनं दुसरीची आणि सगळ्यावर बँकेचा हक्क. शेठजींनी कपाळावर हात मारला.

"अरे भाऊ, ह्याच्या सातबाऱ्यावर तर आमच्या भावकीपेक्षा जास्त नावं हायेत!"

शेजारीच तसलं दुसरं विमान उभं होतं. त्याचा मालक तर कुणालाच सापडला नाही. ते बिचारं अजून तिथंच आहे.

*

आमच्या विमानाचे पंख तिथंच कापले, धडाचे तुकडे केले आणि सगळं ट्रेलरवर चढवलं. जालन्याच्या अलीकडे ट्रॅफिकवाल्या साहेबांनी हात केला.

"एवढं रुंद घेऊन रस्त्यानं चाललास? अक्कल हाय का?"

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहेब, हे नेहमी वरूनच जातंय. खालून पहिल्यांदाच आलंय, माफ करा!"

साहेबांनी आधी सेल्फी काढला, मग वाट करून दिली.

*

आता ते कापायचं होतं भानुदासमामांनी. कटरवर मामांसारखा हात आमच्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही. पण मामा हात लावीनात!

"आमचा संतोष असल्याच इमानात बसून दुबईला गेल्ता," मामा म्हणाले. "चार वर्षं झाले, आला न्हाई. तवा तुमच्या मामीला इमानतळाच्या गेटावरच अडवलं. पोरगं कशात बसून गेलं, ते हिनं आजून पाह्यलं न्हाई. हिला दाखवतो, मंग कापतो."

मामी राजूरजवळच्या गावी, कापूस वेचणीत अडकलेल्या. शेठजी म्हणाले, "बराबर हाय. पण जल्दी आणा!"

म्हणून मधला तुकडा खुर्च्यांसकट यार्डात तसाच उभा राहिला. आणि मग काय, जत्राच!

*

दोन मोकळ्या खुर्च्या आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यानं नेल्या. मी दाढीला गेलो तर म्हणतो, "आधी बेल्ट लावा."

"का रे? उडणार आहे का खुर्ची?"

"खुर्ची न्हाई, गिऱ्हाईक उडतंय. वस्तरा लावला की हालतेत सगळे!"

*

एक मेंढपाळ आला. त्याला मेंढरांच्या निवाऱ्यावर टाकायला पंखाचा पत्रा हवा होता. उलटासुलटा करून त्यानं तो तीनदा पाहिला.

"गळत तर न्हाई ना?"

शेठजी चिडले. "अहो, ढगातून जात होतं हे!"

"ढगातून गेलं असंल," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या पावसातून गेलं का?"

शेठजींना पत्रा स्वस्तात द्यावा लागला.

*

वेचणी उरकली आणि मामी आल्या. नवं लुगडं, हातात डबा. यार्डातली सगळी पोरं कटर खाली ठेवून गोळा झाली. शिडी लावली, मामांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. मामी दोन्ही गल्ल्यांतून एकदा फिरल्या, खुर्च्यांवरून हात फिरवला, मग खिडकीजवळ बसल्या. मामांनी बेल्ट लावून दिला आणि शेजारी बसले. मामींनी डबा उघडला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू. एक लाडू त्यांनी बाजूला काढून पदरात बांधला. मी काट्याकडे निघून आलो.

बराच वेळ झाला तरी दोघं खाली येईनात. बाहेर भट्टीला माल न्यायला आलेला ट्रेलरवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटी शेठजी स्वतः शिडी चढले, मागोमाग मी. त्यांनी दारातून डोकं आत घातलं आणि हळूच म्हणाले,

"मामी, झालं का पाहून? उतरता का आता?"

मामींनी खिडकीवरची नजर काढली नाही.

"उतरते की, शेठजी. आधी दुबई तर येऊ द्या!"