खोळीतली गाडी

हल्ली गाडीच मालकाला सांगते, तेल बदला, हवा भरा, सर्व्हिसिंग राहिलंय. माझ्या मुलाच्या गाडीत असा दिवा लागतो आणि तो निमूटपणे गाडी नेऊन देतो. परवा त्याने विचारलं, "आई, आजोबांची ती जुनी गाडी इतकी वर्षं टिकली तरी कशी?" मी म्हटलं, "वापरल्यामुळे." त्याला वाटलं मी तिरकं बोलले. पुण्यात सरळ उत्तर दिलं की माणसाला असा संशय येतोच.

बाबा सरकारी नोकरीत होते. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचा तो काळ. आमच्या सहकारनगरातले एक डॉक्टर मुलाकडे परदेशी राहायला निघाले, म्हणून त्यांची वापरलेली, सायीच्या रंगाची गाडी आम्हाला मिळाली. किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "सांभाळा हो हिला." डॉक्टरांनी सहज म्हटलेलं ते वाक्य बाबांनी शपथेसारखं घेतलं.

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसे, ठेवायची असे. काचेचे कप पाहुण्यांसाठी होते, आणि पाहुणे आले की, "राहू दे गं, फुटतील," म्हणून स्टीलच्या पेल्यात चहा यायचा. आईच्या लग्नातला हिरवा शालू ट्रंकेत होता. मामेबहिणीच्या लग्नात नेसायला म्हणून तिने तो एकदा काढला, तर घडीघडीवर उसवल्यासारखा फाटत गेला. आई काही रडली नाही. तुकडे गोळा करता करता एवढंच म्हणाली, "जपून जपून फाटला मेला." बाबा तेव्हा शेजारीच पेपर वाचत होते.

गाडीसाठी बाबांनी आईकडून जाड पडद्याच्या कापडाची खोळ शिवून घेतली. तिच्यावर मोठाली जांभळी फुलं होती. आमच्या सोसायटीत येणारा नवा माणूस पत्र्याच्या शेडखालचा तो फुलाफुलांचा ढीग बघून आधी थबकायचा. दर रविवारी सकाळी खोळ निघे. बाबा जुन्या बनियनने गाडी पुसत, आरसे पुसत, चाकांच्या वाट्यासुद्धा पुसत. मग इंजिन सुरू करून कान देऊन ऐकत, मान डोलावत आणि बंद करत. पुन्हा खोळ. मला ते सगळं फार आवडायचं, अगदी पेट्रोलच्या वासासकट. मी मागच्या सीटवर बसून न हललेल्या गाडीतून मनातल्या मनात महाबळेश्वरला जाऊन यायचे.

कारण गाडी हलायची ती दसऱ्याला. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, मग चतुःशृंगीला जाऊन देवीचं दर्शन आणि सरळ घरी. शिवाय एखाददुसरं लग्न, तेही कार्यालयापाशी सावलीला जागा असेल तर.

नाना पेठेत ज्यांच्याकडे गाडी दाखवायची त्यांना सगळे चाचा म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं घराणं, आवाज मोठा, क्रिकेटपासून पावसापर्यंत सगळ्यावर ठाम मतं. स्वतःची स्कूटर मात्र कायम ढकलत आणायचे. ते दर वेळी बाबांना म्हणत, "साहेब, गाडी चालवा. ये क्या लोणचं आहे काय, झाकून ठेवलं की मुरेल?" परत येताना बाबा आईला सांगत, "तो म्हणणारच. गाड्या चालल्या तर त्याचं दुकान चालणार." हा शोध लागल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर घर येईपर्यंत टिकायचा.

आईची थोरली बहीण धायरीला होती. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो, आई-बाबा अक्का म्हणायचे. जन्म शुक्रवार पेठेतल्या बोळात, आणि दिली धायरीच्या शेतकरी घरात. धायरी तेव्हा खेडंच होतं. मावशीला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली कधीपर्यंत टिकेल ते सांगता येणार नाही. त्यात एकदा बसमधून उतरताना पायरीचा अंदाज चुकून ती पडली आणि तिने बसचा धसकाच घेतला. रिक्षाचं म्हणाल, तर मीटरवर धायरीला येणारा रिक्षावाला अजून जन्माला यायचा होता.

तिचं मागणं एकच होतं. "डोळे आहेत तोवर मला एकदा तुमच्या गाडीतून पुणं दाखवा. आमचा बोळ, त्याच्या तोंडाशी पिंपळ आहे तो, मंडई, लक्ष्मी रोड. मग मिटले तरी चालतील."

आई दर वेळी ते बाबांना सांगायची. बाबा नाही कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "रस्ता होऊ दे. त्या खड्ड्यांत गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटतील." रस्ता काही होत नव्हता. आई बसने जात राहिली, पिशवीत मावशीचे डोळ्यांचे थेंब घेऊन.

एका श्रावणात आई धायरीहून आली आणि घेवडा निवडत बसली. निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "अहो, अक्काने आज चहा ओतला तो कपाच्या बाहेर. तिला कळलंच नाही. मी पुसून घेतला."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "दसऱ्याला चतुःशृंगी राहू दे. अक्कांना आणू."

आईने दुसऱ्याच दिवशी धायरीला जाऊन मावशीला सांगितलं. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात जो आनंद होता तो मला आजही आठवतो. बाबांनी कुठून कुठे जायचं ते ठरवलं, आईने बोळातल्या जुन्या शेजाऱ्यांना निरोप धाडले. पाऊस मात्र त्या वर्षी हटायचं नाव घेईना, म्हणून बाबांनी खोळ काढलीच नाही. आत पाणी जाऊ नये म्हणून वरून आणखी एक ताडपत्री बांधली.

दसऱ्याला सकाळी खोळ निघाली तेव्हा आतून ओल्या पोत्यासारखा वास आला. पूजा झाली, हार घातला, बाबा बसले, किल्ली फिरवली. नुसती टिक्‌ वाजली. पुन्हा तेच. शेजारचे चारपाच जण ढकलायला आले. गाडी तसूभरही हलली नाही, चाकं ब्रेकला गंजून चिकटली होती. बॉनेट उघडलं तर घुशींनी वायरी कुरतडून आत चिंध्यांचं घर केलेलं. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा गॅलरीतून म्हणाले, "पूजा झाली ना? मग आता विसर्जनच करा."

बाबा सायकल घेऊन नाना पेठेत गेले. चाचा नवे कपडे घालून दुकानाच्या दारात बसले होते. आत पाने, स्क्रू ड्रायव्हर, जॅक, सगळं पाटावर मांडलेलं, वर झेंडूची फुलं. दुकानातले त्यांचे भागीदार हिंदू, दर वर्षी खंडेनवमीला हत्यारं पुजायचे आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. चाचाही ते पाळायचे. बाबांनी आयुष्यात कुणाची मनधरणी केली नव्हती, ती त्या दिवशी केली. चाचा हळहळले, पण उठले नाहीत. "साहेब, आज नाही उचलत हत्यार. पुऱ्या पेठेत आज कुणी नाही उचलणार. उद्या सकाळी मी पहिला तुमच्याकडे येतो."

धायरीला निरोप द्यायला फोन नव्हता. शेवटी आई आणि मी बसने गेलो. पोचेपर्यंत दुपार कलली होती. मावशीच्या शेजारीणबाई वाटेतच भेटल्या आणि म्हणाल्या, "सकाळधरनं ओट्यावर बसून हाय ती. जेवली बी न्हाई. म्हनली, गाडी यील."

मावशी ओट्यावरच होती. ठेवणीतली जरीची साडी, केसात फूल, मांडीवर पर्स. आमच्या पावलांचा आवाज ऐकून ती हसली आणि विचारलं, "गाडी लांब लावलीत का गं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "मावशी, गाडी बिघडली."

तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "असू दे. यंत्रच ते, बिघडायचंच," म्हणाली आणि हात पुढे केला. "सोनं आणलंस की नाही?" मी तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली. परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला त्या दिवशी बाबांचा इतका राग आला होता की घरी गेल्यावर मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

चाचा शब्दाला जागून दुसऱ्या दिवशी सकाळी आले, पण गाडी लगेच होण्यासारखी नव्हती. टाकीत गंज, ब्रेक गेलेले, वायरी सगळ्या नव्या. सुटे भाग मिळवण्यात दिवाळी गेली, थंडी पडली. तेवढ्यात मावशीची नजर आणखी उतरली. बाबा अखेर गाडी घेऊन धायरीला पोचले तेव्हा तिला फक्त उजेड कळत होता आणि माणूस समोर उभा आहे एवढं कळत होतं.

बाबांनी तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. आई आणि मी मागे. रस्ता तसाच होता, पाटे करकरत होते, आणि बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. बऱ्याच वेळाने मावशीने विचारलं, "कुठे आलो?"

"पर्वतीपाशी."

"मग सांगा ना, काय दिसतंय?"

आमचे बाबा घरात दिवसाला दहा वाक्यं बोलले तरी आम्ही दचकायचो. त्यांनी घसा खाकरला. "उजवीकडे पर्वती. पायऱ्यांवर गर्दी आहे. एक लठ्ठ गृहस्थ उतरतायत. चढले कसे कोण जाणे." मावशी खुदकन हसली. मग बाबा थांबलेच नाहीत. मंडईपाशी गाडी हळू करून म्हणाले, "डावीकडे एक जण केळी विकतोय. केळी काही बरी नाहीत." बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा मावशी म्हणाली, "पिंपळ दिसतोय ना?" पिंपळ पाडून तिथे कपड्यांचं दुकान झालं होतं. बाबांनी आरशातून आईकडे बघितलं. "आहे," म्हणाले. "पानं हलतायत."

आयुष्यात दमडीचं खोटं न बोललेला माणूस. माझा राग तिथे, त्या बोळात संपला.

घरी आल्यावर बाबांनी खोळ आईकडे दिली. आईने तिच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या, आणि ती जांभळी फुलं पुढे कित्येक वर्षं मंडईत हिंडत राहिली. तेल, हवा, ब्रेक, सगळं बाबा पूर्वीसारखंच डोळ्यांत तेल घालून बघायचे, पण गाडी आता रोज बाहेर पडायची. दर रविवारी धायरी. मावशी पुढे, आम्ही मागे. हडपसरच्या भाजीबाजारापासून खडकवासल्याच्या पाण्यापर्यंत बाबांनी तिला सगळं बोलून दाखवलं. पाटे दोनदा तुटले. दोन्ही वेळा ते बदलून आणले आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो.

मावशी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिचे दिवस झाल्यावरच्या रविवारी बाबांनी सवयीने गाडी काढली. आई सवयीने मागे बसली, मी तिच्या शेजारी. पुढची सीट रिकामी. कुठे जायचं कुणी विचारलं नाही. स्वारगेट गेलं, मंडई आली, बाबांनी गाडी हळू केली.

"डावीकडे केळीवाला आहे," ते म्हणाले, आणि गाडी तिथेच थांबली. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मला दिसत होते. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले होते.

आईने पदराने डोळे पुसले आणि पुढे वाकून विचारलं, "कशी आहेत केळी?"

"आज बरी आहेत," बाबा म्हणाले.