तलवाड्याकडून अमेरिका

"हे वॉशिंग्टनकडून झालं. आता तलवाड्याकडून सांगा."

असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवत आणि समोरचा विद्यार्थी गडबडून जाई.

बीडच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत, मी ग्रंथपाल. अमेरिकेचे परराष्ट्र संबंध हा त्यांचा जन्माचा विषय. तलवाड्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने हा विषय का धरावा, असं तुम्हालाही वाटेल. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या घरी अमेरिकेची लाल ज्वारी आली होती. ती कुणी, काय हिशेबाने पाठवली, हे शोधता शोधता ते म्हातारे झाले.

पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी हसत विचारलं, "बीडात बसून अमेरिका लिहिताय?"

"अमेरिकेत बसून बीडनं काय खायचं ते ठरवलं, तवा कुणी हसलं न्हाई," सर म्हणाले. परतताना एसटीत मात्र मला तीनतीनदा विचारत होते, "जास्त बोललो का हो मी?"

सिरसाळ्याच्या एका म्हातारीकडे मी त्यांच्यासोबत गेलो होतो.

"मावशी, कशी होती ती ज्वारी?"

"कशाची ज्वारी! थापताना भाकर फाटायची. ढोरं तोंड फिरवायची."

"मग तुमी खाल्ली कावून?"

"खाल्ली म्हणून तर आज तुझ्याशी बोलायले, मुडद्या!"

सर खळखळून हसले आणि तिच्या पाया पडले. दूतावासाच्या कागदांशेजारी तिचं हे वाक्य त्यांनी आपल्या पुस्तकात जसंच्या तसं घेतलं. अशी कितीतरी म्हातारी माणसं त्यांनी गावोगाव जाऊन ऐकली.

पत्नी वारल्यावर घरात ते एकटेच. रोज सकाळी आंघोळ करून चौरंगासमोर बसत, लाल कापडात बांधलेलं हस्तलिखित सोडत आणि पुटपुटत वाचत. कानाला खटकलं की खोडत. कुणाला हात लावू देत नसत. "निदान झेरॉक्स काढू," मी म्हणायचो.

"अर्ध्या स्वयंपाकाचा नैवेद्य दाखवत न्हाईत."

एके दिवशी त्यांचा फोन आला. "झालं हो पुरं! सोमवारी आणतो. टाइप करा."

सोमवार उजाडण्याआधीच त्यांचं हृदय थांबलं. मी लेकीकडे नांदेडला होतो. पोचलो तेव्हा अस्थिविसर्जनही झालं होतं. तलवाड्याचे त्यांचे धाकटे भाऊ ओसरीवर बसले होते. त्यांच्याशेजारी टेकून मी विचारलं, "लाल कापडातलं ते बाड कुठंय?"

"दादाची पोथी व्हय? ती अस्थीसंगं गंगेत सोडली की."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. वाचणारा गेला की त्याची पोथी घरात तशीच पडू देत नाहीत.

सिरसाळ्याची मावशी गेली. सरांनी ज्यांना ज्यांना विचारलं होतं, त्यांतलं आता कोण उरलंय? दुसरी प्रत नव्हती. काहीच नव्हतं.

भाऊ बोलतच होते. "रोज आंगुळ करून वाचायचा. दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी?" त्यांचे डोळे भरून आले. "पर लवकर बुडंना, साहेब. लई येळ वर येत हुती."

आणि मला दाखवण्यासाठी त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले, हवेतच खाली दाबले आणि तसेच धरून ठेवले.