दापोलीची संख्या

चहा घ्या आधी, मग सांगतो. फक्त एवढं लक्षात ठेवून ऐका, की ही माती कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसाने खाल्लेली आहे.

दापोलीला मुलगी बघायला गेलो होतो. मृदुला तिचं नाव, तीही शाळेत गणितच शिकवते. मोठ्यांनी आम्हाला बोलायला मागच्या अंगणात धाडलं. आता पोफळीच्या सावलीत माणसाने काय बोलावं? मी बोललो वर्गचाळणीवर! म्हटलं, केवढीही मोठी संख्या द्या, माझा प्रोग्रॅम तिचे तुकडे करतो, म्हणजे अवयव पाडतो. ती गालात हसली आणि मी तिथेच गारद झालो.

परतीच्या एस्टीत तिचा मेसेज आला. एक लांबलचक संख्या आणि खाली, 'ही फुटते का बघा, मग बोलू.'

झालं! संख्या फोडली तरच लग्न, असा मी अर्थ लावला.

पूर्णगडला घरी आलो नि पडवीत लॅपटॉप मांडला. चाळणी म्हणजे काय, तर एकेक वर्गसंख्या घ्यायची, तिच्यातून आपली संख्या वजा करायची, आणि छोट्या मूळ संख्यांनी पूर्ण भागणाऱ्या बाक्या तेवढ्या चाळून ठेवायच्या. त्या नीट जुळल्या की तुकडा हाती लागतो. दर खेपेला निम्मी आशा, छापा-काटाच म्हणा ना. लॅपटॉप घुरघुरायचा, समोर समुद्र, आणि मी स्वप्नात. किल्ल्याच्या तटावर मी नि मृदुला, वाऱ्यावर तिची ओढणी... असो. उत्तर आलं की तंद्री मोडायची. तुकडा म्हणून १ यायचा, नाहीतर अख्खीच्या अख्खी संख्या परत.

नशीब खोटं, दुसरं काय? पुन्हा चाळ. मोहोर गळून कैऱ्या धरल्या, तरी दापोलीला मी अवाक्षर कळवलं नाही. कुठल्या तोंडाने कळवणार? मग मध्यस्थांचा निरोप आला, की मुलाच्या मनात नसेल तर सावर्ड्याचं दुसरं स्थळ आलंय.

आईला सांगावं लागलं. तिला चाळणी कळली नाही, पण लग्न अडलंय हे कळलं. तिने नारळ घेतला आणि मला देवळात उभं केलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोराचा आकडा काय केल्या फुटत नाय, त्याचे दोन तुकडे कर नि ह्याचं लगीन लाव रं म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो, गणिताचा प्राध्यापक!

नारळ फुटला. संख्या नाही.

शेवटी पडल्या चेहऱ्याने दापोली गाठली. मृदुला शाळेच्या फाटकाशी भेटली.

"नाही फुटली," मी म्हटलं. "तुमचा नकार कबूल."

ती म्हणाली, "अहो, मूळ संख्या आहे ती. कशी फुटेल? फुटते का, एवढंच तर बघायचं होतं."

चाळणी लावण्याआधी संख्या मूळ तर नाही ना ते तपासा, लॅपटॉपला क्षणभर लागतो, असं मीच पोरांना घसा कोरडा करून सांगतो. आणि मी? मी ओढणी बघत बसलो होतो.

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"चाळत होतो."

ती फाटकाला धरून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग म्हणाली, "सावर्ड्याला नाही म्हणून कळवते."

लग्न झालं, छान चाललंय. फक्त दर वर्षी तिच्या वर्गात मूळ संख्यांचा धडा आला, की ती मला शाळेत बोलावते. शिकवायला नव्हे हो, मुलांना दाखवायला.